सात रंग कशाला? चार ठेवा, पण तास मोजून ठेवा

शिरपूरहून प्रश्न आला आहे. "ताई, आम्ही तिघं मित्र इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. चौघांनी मिळून खेळायचा मोबाईल गेम करतोय. सातपुड्यातल्या पडक्या किल्ल्यात शिरायचं, पेट्या उघडायच्या, हत्यारं आणि वस्तू जमवायच्या. एक डाव बारा मिनिटांचा, त्यात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण सहा पेट्या. वस्तू साठ, त्यांचे रंग सात, रंग जितका वरचा तितकी वस्तू दुर्मिळ. सगळ्यात वरच्या रंगात आठ वस्तू, त्या आठांपैकी एखादी पेटीतून निघायची शक्यता मिळून ०.१ टक्का. वीस पोरांना दोन आठवडे खेळायला दिलं, रोज तासभर खेळली. बहुतेक म्हणतात 'काहीच पडत नाही', आणि ज्यांना वरची वस्तू पडली ते म्हणतात 'मग काय?' रंग किती ठेवायचे, टक्के कसे ठरवायचे?"

तुमच्या पोरांनी दोन वाक्यांत दोन वेगळी दुखणी सांगितली आहेत. 'काहीच पडत नाही' हे गणिताचं दुखणं आहे. 'मग काय?' हे वस्तूचं आहे, ते टक्के कितीही फिरवले तरी बरं होणार नाही. मी चौदा वर्षं हेच काम करते: गेममध्ये काय पडावं, कधी पडावं, किती वेळा पडावं याची कोष्टकं बांधायची. मूळची सावद्याची, नोकरीची बरीच वर्षं पुण्यात गेली, आता घरी बसून तेच काम चालू आहे. उत्तर लांबणार आहे, पण तुमच्याच आकड्यांवर देते.

आधी गणित. बारा मिनिटांचा डाव म्हणजे तासाला पाच डाव, म्हणजे तीस पेट्या. ०.१ टक्का म्हणजे सरासरी हजार पेट्यांमागे एक वस्तू. हजार पेट्यांना तेहतीस तास वीस मिनिटं लागतात. तुमची पोरं दोन आठवड्यांत चौदा तास खेळली, म्हणजे प्रत्येकाने ४२० पेट्या उघडल्या. एवढ्या पेट्यांत निदान एक वरची वस्तू मिळायची शक्यता किती? न मिळायची शक्यता ०.९९९ चा ४२० वा घात, म्हणजे साधारण ०.६६. मिळायची उरली ३४ टक्के. विसांतल्या सातांना मिळणार, तेरा जण हात हलवत परत येणार. म्हणजे पोरं खोटं बोलत नाहीत, रडतही नाहीत. तुमचं कोष्टक जे बोलतं तेच ती बोलली.

आणि हे झालं सरासरीचं. ज्याचं नशीब वाईट, त्याचं काय? दहांतल्या एकाला २,३०० पेट्या उघडूनही काही मिळणार नाही. ते झाले ७७ तास, रोज तासभर म्हटलं तर अडीच महिने. शिवाय आठांपैकी त्याला हवी ती एकच वस्तू धरली तर सरासरीच आठ हजार पेट्या, २६७ तास. रोज खेळून नऊ महिने. चौघा मित्रांचा गट नऊ महिने एका मोबाईल गेमवर टिकत नाही. परीक्षा येते, कोणाला पुण्याला नोकरी लागते, कोणाचा फोन बिघडतो.

म्हणून माझा पहिला नियम: टक्क्यापासून सुरुवात करायचीच नाही. खेळणाऱ्याला टक्का दिसत नाही, त्याला वाट बघणं कळतं. आधी कागदावर वेळ लिहा. 'बरी' वस्तू दर डावाला एक. त्यावरची तासाला एक. सगळ्यात वरची आठवड्याला एक, आणि काहीही झालं तरी दोन आठवड्यांच्या आत. हे तुमच्या गेमला साजेलसं मी धरलं, तुम्ही दुसरं धराल. पण हे तिघांनी बसून, भांडून ठरवा. टक्के यातून आपोआप निघतात. डावाला एक म्हणजे सहा पेट्यांत एक, दहा हजारांत १,६६७. तासाला एक म्हणजे तीस पेट्यांत एक, दहा हजारांत ३३३. आठवड्याला एक म्हणजे २१० पेट्यांत एक.

या शेवटच्या आकड्याशी जरा थांबा, कारण 'काहीही झालं तरी दोन आठवड्यांच्या आत' हे वाक्य आपण लिहिलं आहे. नुसत्या टक्क्याने असलं वचन कधीच पाळता येत नाही. १ टक्का म्हणजे शंभरांत एक मिळणारच, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात शंभर वेळा प्रयत्न करून निदान एक मिळायची शक्यता ६३ टक्केच असते. ९९ टक्के खात्री हवी असेल तर ४५९ प्रयत्न लागतात. फासा मागचं लक्षात ठेवत नाही. तेव्हा लक्षात ठेवायचं काम आपण करायचं. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक मोजणी ठेवायची: शेवटची वरची वस्तू मिळाल्यापासून किती पेट्या कोऱ्या गेल्या. मोजणी ४२० ला पोचली की पेटीतून वरची वस्तूच निघणार. आमच्या धंद्यात याला 'पिटी' म्हणतात, म्हणजे दया. मला तो शब्द आवडत नाही. खेळणाऱ्याने चौदा तास दिले आहेत, आपण त्याच्यावर दया करत नाही. मी 'हमी' म्हणते.

हमी घातली की खरा दर बदलतो, आणि नवीन लोक इथेच फसतात. समजा तुम्ही पायाचा टक्का, म्हणजे हमी न धरता प्रत्येक पेटीची शक्यता, २१० मध्ये एक, म्हणजे ०.४८ ठेवला आणि वर ४२० ची हमी लावली. मग खरी सरासरी २१० पेट्यांवर राहणार नाही, बरीच खाली येईल, कारण दुर्दैवी लोकांची लांबलचक शेपटी तुम्ही कापून टाकली. २१० ची सरासरी हवी असेल तर पायाचा टक्का ०.३८ पर्यंत उतरवावा लागतो. करून बघा: ०.९९६२ चा ४२० वा घात साधारण ०.२०२, एकातून वजा करून ०.००३८ ने भागा, उत्तर २१० येतं. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बघायची तर २०२० साली आलेला गेनशिन इम्पॅक्ट हा गेम बघा. तिथे सगळ्यात दुर्मिळ अशा पंचतारांकित पात्राचा जाहीर पायाचा दर ०.६ टक्का आहे, नव्वदाव्या प्रयत्नाला हमी आहे, आणि हमीसकटचा एकूण दर त्यांनी स्वतःच १.६ टक्के छापला आहे. ०.६ चे १.६ हमीमुळे झाले.

तर तुमचं कोष्टक दहा हजारांत असं: वरची ३८, तिच्याखालची ३३३, तिच्याखालची १,६६७, उरलेल्या ७,९६२ साध्या. या आकड्यांत दर पाचांतला एक जण हमीपर्यंत जाईल, हे मला थोडं जास्त वाटतं. तीनशेव्या पेटीनंतर शक्यता हळूहळू चढवत नेली तर तो कडा बोथट होतो. पण तसं केलं की वरचं सूत्र चालत नाही. तीस ओळींचा प्रोग्राम लिहा, एक लाख खोटे खेळाडू त्यातून सोडा आणि सरासरी पुन्हा बघा. सरासरीबरोबर सगळ्यात दुर्दैवी शंभर जणांचे आकडेही काढून भिंतीवर लावा. तक्रार त्या शंभरांकडून येणार आहे.

आता माझी एक चूक सांगते. एका कंपनीत असताना दिवाळीच्या अपडेटमध्ये मी सगळ्यात वरच्या पातळीत, म्हणजे सगळ्यात वरच्या रंगात, चौदा नव्या वस्तू घातल्या. पातळीचा टक्का दशांशानेही हलवला नव्हता. दोन दिवसांत खेळाडू ओरडायला लागले की तुम्ही गुपचूप दर कमी केलात. मी बैठकीत कोष्टक उघडून दाखवलं, बघा, आकडा तोच आहे. आणि मी चूक होते. आमच्याकडे फासा दोनदा पडायचा: आधी पातळी ठरायची, मग त्या पातळीतली वस्तू. पातळीत आधी सहा वस्तू होत्या, आता वीस झाल्या. एका जुन्या तलवारीसाठी लोक महिनोन्महिने खेळत होते, तिचा वाटा सहांतल्या एकावरून विसांतल्या एकावर आला. त्यांच्यासाठी दर तिपटीहून जास्त पडला होता आणि मी त्यांना कागद दाखवत होते. त्या आठवड्यात सोडून गेलेले बरेच लोक परत आले नाहीत, याची मला अजून खंत आहे. तुमच्या वरच्या पातळीत आठ वस्तू आहेत. वर्षभरात वीस होतील. म्हणून आजच ठरवा: हमीची वस्तू खेळाडूला निवडू द्यायची, किंवा एकदा मिळालेली वस्तू बाकीच्या सगळ्या मिळेपर्यंत परत येऊ द्यायची नाही. दुसरा मार्ग सोपा आहे. पिशवीत आठ चिठ्ठ्या टाकायच्या आणि एकेक काढत जायचं, पिशवी रिकामी झाली की पुन्हा भरायची.

रंग किती, हा तुमचा मूळ प्रश्न. गेल्या उन्हाळ्यात घराच्या ओट्यावर माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र लूटचा एक गेम खेळत बसले होते. मी मागे उभी राहून भाच्याचा अंगठा बघत होते. पेटीतून पांढरा उजेड आला की अंगठा आधीच 'पुढे'च्या बटणावर. हिरव्याला तेच. निळा आला की अंगठा पाव-अर्धा सेकंद हवेत थांबायचा, डोळे आकड्यावर जायचे, मग पुढे. जांभळा आला तेव्हा त्याने फोन उचलून तोंडाजवळ नेला आणि शेजारच्याला कोपर मारलं. दुपारभर बघितलं. त्या पोराच्या लेखी रंग तीनच होते: न बघायचा, वाचायचा आणि दाखवायचा. गेममध्ये होते सहा.

पातळीचं काम तेवढंच आहे. वस्तू हातात घेण्याआधी तिचं काय करायचं हे कळलं पाहिजे. आमच्या रावेर-सावद्याच्या केळीच्या भावात नवती, पिलबाग, वापसी असे मोजकेच शब्द असतात. वापसी म्हटलं की माल कुठल्या गाडीत चढणार नाही हे घड न बघताही कळतं. प्रत्येक शब्दाला वेगळा भाव आणि वेगळी वाट आहे, म्हणून तो शब्द टिकला आहे. तुमच्या सातांपैकी ज्या दोन रंगांना खेळणारा सारखंच वागवतो, ते दोन रंग एकच आहेत. शिवाय साठ वस्तू सात रंगांत वाटल्या तर एकेका रंगाला आठ-नऊ येतात. आठवड्याभरात पोरं म्हणतील की तेच तेच पडतंय.

चार पुरेत. पहिलीची मोड करायची. दुसरी हातातल्या वस्तूशी ताडून बघायची. तिसरी जपून ठेवायची, तिच्याभोवती बाकीची जुळवाजुळव करायची. चौथी मित्रांना दाखवायची. नावंही तुमच्याच तोंडची ठेवा ना: साधी, बरी, भारी, एक नंबर. 'असामान्य', 'पौराणिक' वगैरे भाषांतरं कोणाच्या जिभेवर बसत नाहीत. किल्ल्यात असताना एक पोरगा दुसऱ्याला "अरे, एक नंबर पडलं!" असंच ओरडणार आहे.

रंगांचा क्रम मात्र नवा शोधू नका. १९९६ च्या अखेरीस डायब्लो हा गेम आला तेव्हा साध्या, जादूच्या आणि अद्वितीय वस्तूंना वेगळे रंग होते. २००४ च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने राखाडी, पांढरा, हिरवा, निळा, जांभळा, नारिंगी ही शिडी घट्ट केली. बॉर्डरलँड्स, फोर्टनाइट पुढे बहुतांशी त्याच शिडीवर चढले. तुमच्याकडे येणारा पोरगा ही शिडी डोक्यात घेऊनच येतो. नारिंगी खाली आणि निळा वर ठेवलात तर पहिला तास त्याला जुनं विसरण्यात घालवावा लागेल. पांढरा, निळा, जांभळा, नारिंगी घ्या आणि मोकळे व्हा.

पण नुसत्या रंगावर विसंबू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी मुलं प्रत्येक कॉलेजात आहेत, त्यांच्यातल्या कित्येकांना निळा आणि जांभळाही सारखेच दिसतात. आणि आपल्याकडचं ऊन आहे. मे महिन्यात जळगावात पारा ४५ ला जातो, फोन तापून पडद्याचा उजेड आपोआप उतरतो, लिंबाखाली बसलेल्या पोराला निळं काय नि जांभळं काय. चौकटीचा आकार बदला: गोल, चौकोन, षट्कोन, चांदणी. 'भारी'ला फोन एकदा थरथरू द्या, 'एक नंबर'ला दोनदा. आणि 'एक नंबर'चा आवाज फक्त त्याच वेळी वाजू द्या, गेममध्ये दुसरीकडे कुठेही नको. आठवड्यातून एकदाच ऐकू येणारा आवाज माणूस पाठमोरा असतानाही ओळखतो.

आता दुसरं दुखणं. तुम्ही वस्तूंची यादी पाठवली आहे, त्यात सगळ्यात वरची तलवार खालच्या तलवारीपेक्षा बारा टक्के जास्त मारते. वार तोच, चाल तीच, आवाज तोच. तेहतीस तासांनी मिळालेली तलवार जर आधीच्याच तलवारीसारखी चालत असेल, तर 'मग काय?' हेच बरोबर उत्तर आहे. वरच्या वस्तूने खेळायची पद्धत बदलली पाहिजे.

पबजी सगळ्यांनी खेळलेला आहे, त्यातलीच एडब्ल्यूएम ही लांबून मारायची बंदूक घ्या. ती घरांत पडलेली सापडत नाही, विमानातून पडणाऱ्या पेटीत येते. तिसऱ्या लेव्हलचं हेल्मेट घातलेला माणूसही तिच्या एका गोळीत डोक्याला लागून पडतो. गोळ्या मोजक्या. आणि पेटी पडते तिथून धूर निघतो, तो आसपासच्या सगळ्यांना दिसतो. म्हणजे बंदूक दुर्मिळ आहेच, पण ती घ्यायला जाणं हीच एक गोष्ट झाली. कोण जाणार, कोण मागे राहून पहारा देणार, धुराकडे अजून कोण येतंय, यावर चौघांची बोलणी सुरू होतात. टक्क्याने एवढं कधीच होत नाही. अनेकांच्या खेळात दुर्मिळपणा जागेत आणि वेळेतही ठेवता येतो. एखादी वस्तू किल्ल्याच्या तळघरातच, तीही चौघं जिवंत पोचले तरच, असं करून बघा. पेटीच्या कोष्टकाचा भार हलका होईल.

एडब्ल्यूएमला इतकी ताकद देता आली, कारण डाव संपला की ती जाते आणि पुढच्या डावात सगळे पुन्हा रिकाम्या हाताने उतरतात. तुमच्या गेममध्ये वस्तू कायमची राहते. तिथे एकाला फार ताकद दिली की बाकीचे तिघं त्याच्या मागे चालत पेट्या उचलतात, दोन दिवसांत कंटाळतात. एकमेकांविरुद्धचा गेम असता तर मी म्हटलं असतं, कायमच्या वस्तूत ताकद घालूच नका, नुसतं रूप बदला. काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१३ पासून बंदुकीच्या स्किन, म्हणजे बाहेरची रूपं, तशाच आहेत, गोळी सगळ्यांची सारखीच लागते. तुमचा गेम मिळून खेळायचा आहे, तर वरच्या वस्तूचा फायदा चौघांत वाटा. तलवारीऐवजी अशी मशाल द्या, जिच्या उजेडात चौघांनाही लपलेले सापळे दिसतात. किंवा असा शंख, जो फुंकला की पडलेला गडी उठतो. मग एकाला 'एक नंबर' पडली की बाकीचे तिघं जळणार नाहीत, नाचतील. मला या कामातलं सगळ्यात जास्त समाधान याच क्षणी मिळालं आहे: वस्तू एकाला, आरडाओरडा चौघांचा.

तिघांत चित्रं काढणारा एकच आहे, असंही तुम्ही लिहिलं आहे. साठांच्या सहाशे वस्तू तो काढू शकणार नाही, आणि तशी गरजही नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस काय बघतो आठवा. रंग बघतो, उंची बघतो, दात बघून वय काढतो, भोवरे तपासतो, मग रेवाल चाल चालवून बघतो. चांगल्या रंगाचे घोडे पुष्कळ असतात, चांगल्या उंचीचेही, चांगल्या चालीचेही. सगळं एकाच घोड्यात आलं की भोवती गर्दी जमते. तसंच वस्तूला गुण चिकटवा. बारा गुण तयार करा आणि प्रत्येक 'भारी' वस्तूला त्यांतले कुठलेही तीन येऊ द्या. बारांतून तीन निवडायच्या रीती २२० होतात. पाच 'भारी' हत्यारं असली तर अकराशे वेगवेगळी हत्यारं झाली, चित्रं पाचच. खेळाडू आपलं आपण ठरवतो की त्याला कुठली जुळणी हवी, आणि त्याची 'एक नंबर' वस्तू जांभळ्या रंगातही सापडू शकते.

पण हात आखडता ठेवा. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात ज्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचं कोरलेलं आहे, त्या भास्कराचार्यांनी लीलावतीत हेच गणित घातलं आहे: शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं अदलाबदल करून मूर्ती किती प्रकारच्या होतील? उत्तर ३६,२८,८००. हरीच्या चार हातांचं उत्तर २४. चाराचे दहा झाले आणि चोविसाचे छत्तीस लाख. तुमच्याकडे क्रम महत्त्वाचा नसल्याने वाढ तितकी भयानक नाही, तरी बारा गुणांचे वीस केलेत आणि तीनऐवजी पाच निवडायला लागलात तर २२० चे १५,५०४ होतात. त्यातली एखादी जुळणी गेम मोडणारी निघते. आमच्याकडे एकदा 'मारलं की जीव भरतो' आणि 'एका वारात तिघांना लागतं' हे दोन गुण एकत्र आले आणि खेळाडू मरेचनात. तुम्ही तिघं आहात, २२० जुळण्या हाताने तपासून होतात. पंधरा हजार होत नाहीत.

अनेकांच्या गेममध्ये आणखी एक गोष्ट असते, ती एकट्याच्या गेममध्ये नसते: सगळ्यांच्या पेट्या एकाच बाजारात रिकाम्या होतात. समजा दोन हजार लोक रोज तासभर खेळू लागले. रोज साठ हजार पेट्या. २१० मागे एक, म्हणजे रोज साधारण २८६ 'एक नंबर' वस्तू जगात येणार, महिन्याला साडेआठ हजार. एकेका माणसाला ती अजूनही आठवड्याला एकच मिळते, पण विनिमय खुला ठेवलात तर ती आठवडी बाजारातली वस्तू होते. डायब्लो ३ मध्ये २०१२ साली वस्तूंचा लिलाव सुरू केला, त्यात खऱ्या पैशांचाही होता. राक्षस मारून वस्तू मिळवण्यापेक्षा लिलावात घेणं सोपं झालं आणि गेमचा गाभाच पोकळ झाला. १८ मार्च २०१४ ला त्यांनी लिलाव बंद केला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे झेपलं नाही ते अंगावर घेऊ नका. 'एक नंबर' वस्तू ज्याला पडली त्याचीच राहू द्या. फार तर त्या डावात बरोबर असलेल्या तिघांना अर्ध्या तासाच्या आत देता येईल, एवढी मुभा ठेवा.

आणि वस्तू जगातून बाहेर जायची वाट ठेवा. आमच्या जळगावच्या सराफ बाजारात जुना दागिना मोडीत घेतात, वितळवून त्याचा नवा घडवतात, घडणावळ वेगळी लागते. तुमच्या गेममध्येही मोड ठेवा, शब्दही तोच ठेवा. साधी वस्तू मोडली की थोडी धातू. दहा 'बऱ्या' वस्तूंच्या मोडीतून एक 'भारी' घडवता यावी, पण घडणावळ लागावी. साध्या वस्तूला असा उपयोग मिळाला की १०० पेट्यांतल्या ८० पेट्या वाया गेल्या असं वाटत नाही. 'काहीच पडत नाही'चं निम्मं औषध खरं इथे आहे.

फासा नेहमी सर्व्हरवर टाका, फोनवर कधीच नाही. फोनवरचं कोष्टक महिन्याभरात कोणीतरी उघडतं. आणि सातपुड्याच्या पायथ्याला खेळणाऱ्याची रेंज पेटी उघडता उघडताच जाते. त्याचा फोन तीच विनंती पुन्हा पाठवतो. सर्व्हरने दुसऱ्यांदा फासा टाकला तर एक तर वस्तू दुप्पट होते, नाहीतर आलेली वस्तू जाऊन साधी हाती येते. प्रत्येक पेटीला स्वतःचा क्रमांक द्या, पहिल्यांदा विचारलं तेव्हाच निकाल लिहून ठेवा, मग दहा वेळा विचारलं तरी तोच सांगा. पेटी उघडण्याची चित्रफीत त्यानंतर. आणि एका पेटीतून चौघांना वेगवेगळा निकाल द्या. ज्याने आधी हात लावला त्याची वस्तू, असं ठेवलंत तर ज्याचं नेट चांगलं तोच जिंकतो.

पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी तुम्हाला पेट्या विकायचा सल्ला देणारच, म्हणून सांगते. जपानमध्ये २०१२ साली संच पूर्ण केला की बक्षीस देणाऱ्या सोडतीवर बंदी आली. चीनने १ मे २०१७ पासून टक्के जाहीर करणं सक्तीचं केलं. त्यातूनच काउंटर-स्ट्राइकच्या पेटीचे आकडे जगाला कळले, सगळ्यात खालची पातळी ७९.९२ टक्के आणि चाकूसारखी अतिदुर्मिळ वस्तू ०.२६ टक्के. त्याच वर्षी डिसेंबरात ॲपलने आपल्या दुकानात तोच नियम लावला. बेल्जियमने २०१८ मध्ये पैशांच्या पेट्यांना जुगारच ठरवलं. आपल्याकडे २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत. तुमच्या वस्तू पैशांत विकता येणार असतील तर वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. माझं मत विचाराल तर पेटी विकूच नका. रूप विका, ठरलेल्या किमतीला, समोर दिसणारं. तुमचा गेम शाळकरी पोरंही खेळणार आहेत, फोन आईचा असणार आहे आणि त्यात तिचं यूपीआय असणार आहे.

पुढची चाचणी त्याच वीस पोरांवर करू नका, निम्मी नवी घ्या. प्रत्येक पेटीची एक ओळ साठवा: खेळाडू, वेळ, पेटीचा क्रमांक, हमीची मोजणी किती होती, काय पडलं, आणि पडलेल्या वस्तूकडे खेळाडू किती वेळ बघत राहिला. शेवटचा रकाना विसरू नका. 'बरी'कडे बघायचा वेळ 'साधी'इतकाच निघाला तर चाराचे तीन करा. चौदा दिवसांची फाइल झाली की मला पाठवा, मी बघून देते.